अत्तरवाल्यांचं नाक

माझ्या भावोजींना सगळं गाव 'अत्तरवाले' म्हणतं आणि भावोजींना तो मान वाटतो. ज्या माणसाचा धंदा लोकांच्या गोठ्यातलं शेण आणि अख्ख्या गावाचा मैला उचलून तिसऱ्याच कुणाच्या तरी शेतात विस्कटण्याचा आहे, त्याला गाव अत्तरवाले का म्हणत असेल हे शाळेतलं पोरही सांगेल. भावोजींना मात्र वाटतं की गावाला पारख आहे. कुणी हाक मारली की ते आधी शर्टाची कॉलर सारखी करतात, मग वळतात. शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा. खताच्या ढिगावर पांढरा शर्ट घालून उभा राहणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. तो शर्ट पांढरा राहतो कसा, असं लोक विचारतात. उत्तर सोपं आहे. ते फावड्याला हात लावत नाहीत, फावडं मी मारतो.

मी ताईचा धाकटा भाऊ. मला कुणी कुठं चिकटवून घेईना तेव्हा ताईनं मला त्यांच्या ट्रॅक्टरवर बसवलं, तो मी अजून खाली उतरलेलो नाही. भावोजी घरात मला 'शालकबुवा' म्हणतात आणि गिऱ्हाइकांसमोर 'आमचा स्टाफ'. स्टाफ म्हणजे मी एकटा. यंत्र बिघडलं की स्टाफ, शिव्या खायच्या असल्या की स्टाफ, आणि काम नीट झालं की "आमचं नाक आहे ना".

हे नाक काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. आमच्याकडे माल दोन प्रकारचा. एक गोठ्यांतलं शेणखत, त्याचं कुणाला काही वाटत नाही. दुसरा, गावाच्या मैलाशुद्धीकरण केंद्रातला वाळवलेला गाळ. हा गाळ ढिगात बरेच महिने मुरावा लागतो. मुरला की पिकाला सोनं, वासही ओल्या मातीसारखा येतो. कच्चा राहिला तर डोळ्यांतून पाणी काढतो, रोपं जाळतो, आणि त्यातून रोगराई पसरली तर ती निराळीच. केंद्रातल्या लोकांना जागा पुरत नाही, म्हणून ते कच्च्यावर मुरलेल्याचा एक थर टाकतात आणि साळसूदपणे म्हणतात, "घेऊन जा, तयार आहे." त्यामुळे आमच्या धंद्यात रीत अशी की ढीग खणून मालकानं स्वतः नाक लावल्याशिवाय गाडी भरायची नाही.

भावोजींचं नाक लावणं हा बघण्याचा कार्यक्रम असे. मी फावड्यानं ढिगाला भगदाड पाडायचं. भावोजी दोन पावलं पुढे यायचे, डोळे मिटायचे, मान किंचित वर करायची, श्वास आत ओढायचा आणि तो इतका वेळ धरून ठेवायचा की नवख्या माणसाला वाटावं, आता हे पडतात. मग डोळे उघडून निकाल. "मुरलाय. वरच्या अंगाला जरा जास्तच." किंवा, "कच्चा. कुणाला फसवता रे?" केंद्रातली माणसं वरमायची. शेतकरी आपसांत माना डोलवायचे. निकाल कधी चुकला नाही, हे कबूल केलं पाहिजे.

फक्त त्यात एक गोम होती. भावोजींना वास येत नव्हता. कमी येत होता असं नाही, अजिबात येत नव्हता.

मला हे कळलं ते त्यांच्या स्वयंपाकघरात. ताई शेजारी गेली होती, गॅसवर दूध होतं, आणि भावोजी शेगडीकडे पाठ करून पेपर वाचत होते. दूध उतू गेलं, आटलं, पातेल्याला धरलं, करपट वास रस्त्यापर्यंत आला. मी रस्त्यावरून धावत वर आलो तर भावोजी म्हणाले, "काय रे, आग लागली का कुठं?" मी नुसता पातेल्याकडे बघत राहिलो. ताई मागून आली, गॅस बंद केला आणि मला गॅलरीत नेऊन दबक्या आवाजात म्हणाली, "बघितलंस ना? आता गप्प बस." मी गप्प बसलो. नाक कशानं गेलं हे भावोजींना विचारायची सोयच नव्हती, कारण ते गेलंय हेच मुळी त्यांना कबूल नव्हतं. ताईला विचारलं तर ती भांडी घासायला लागली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी भरायची असेल त्या दिवशी ताई डबा घेऊन केंद्रावर यायची. तारेच्या कुंपणापाशी, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला उभी राहायची. मी ढीग खणला की तिचा हातरुमाल नाकाला लागायचा किंवा लागायचा नाही. लागला तर माल कच्चा. हातातच राहिला तर मुरलेला. भावोजी मान वर करून डोळे मिटायचे म्हणतोय ना मी, ते पुरते मिटायचे नाहीत. एका डोळ्याची फट कुंपणाकडे असायची.

केंद्राचा वॉचमन मला म्हणायचा, "काय प्रेम आहे हो! आमच्या हिला सांगतो, बघ, त्या बाई उन्हातान्हात घाणीत उभ्या राहून नवऱ्याला डबा देतात." मी म्हणायचो, हो ना. प्रेम होतं की नाही ते ताई जाणे, पण अख्खा धंदा त्या रुमालावर चालला होता. आणि त्याबद्दल भावोजींनी एका शब्दानं तिला बरं म्हणावं, तर नाव नको. उलट परतताना ट्रॅक्टरवर भावोजी मला म्हणायचे, "शालकबुवा, देणगी असते ही. शिकून येत नाही." ताई मागे रिकामा डबा मांडीवर घेऊन बसलेली असायची. ती ऐकायची आणि शेतांकडे बघायची. मला संताप यायचा. पण पगार त्यांच्या हातात, आणि ताईची शपथ डोक्यावर.

असंच चाललं असतं, पण गावाच्या कडेला कॉलनी वाढत वाढत शेतांपर्यंत आली. कॉलनीतली माणसं टापटिपीची. त्यांच्या बाल्कन्या शेतांकडे उघडतात. आम्ही गाळ विस्कटला की बाल्कन्यांची दारं धडाधड लागतात आणि अर्ज सुरू होतात. आता बघा, ही माणसं रोज सकाळी उठून जे काही करतात ते पाइपातून केंद्रात जातं, तिथं वाळतं, मुरतं, आणि आमच्या ट्रॉलीतून त्यांच्याच खिडकीसमोर परत येतं. स्वतःच्या वस्तूला इतकी ओळख न दाखवणारी माणसं मी पाहिली नाहीत. कॉलनीचे अध्यक्ष कुठल्याशा मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांना रिकामा वेळ भरपूर होता आणि तो सगळा त्यांनी आमच्यावर खर्च केला.

शेवटी सरकारनं कायदा केला. दुसऱ्याचं खत दुसऱ्याच्या शेतात विस्कटणाऱ्या प्रत्येक धंद्याला परवाना. त्यात मैल्याला 'जैवघन' असं नाव दिलं. मैला म्हटलं की लोक नाक दाबतात, जैवघन म्हटलं की समिती नेमतात. परवाना धंद्याला मिळायचा, पण माणसाच्या नावावर. त्या माणसानं लेखी परीक्षा द्यायची, मग प्रत्यक्ष, आणि माल भरताना आणि विस्कटताना जातीनं हजर राहायचं. नियमावलीत एक वाक्य होतं. परवानाधारकाला माल मुरला आहे की नाही हे वासावरून स्वतः ओळखता आलं पाहिजे. स्वतः या शब्दाखाली रेघ होती. ती कुणी मारली ठाऊक नाही, पण मला ती अध्यक्षांचीच वाटली.

ताईनं ते वाक्य वाचलं आणि भावोजींना म्हणाली, "अहो, हे जमायचं नाही. माझ्या नावानं अर्ज करू या."

भावोजी हसले. "तुझ्या नावानं? लोक काय म्हणतील? अत्तरवाल्यांनी बायकोला पुढं केलं?"

"लोकांना काय म्हणायचंय ते म्हणू देत. परवाना नाही मिळाला तर ट्रॅक्टर विकावा लागेल. मग बसा पांढरा शर्ट घालून घरात."

"तू रुमाल घेऊन ये म्हणजे झालं," भावोजी म्हणाले. त्या विषयावर ते दोघं मोकळेपणानं बोलले असं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही हुकूम सोडण्याच्या सुरात.

परीक्षेआधी डॉक्टरचा दाखला लागत होता. नाकाचा डॉक्टर स्वतः सर्दीनं बेजार. त्यानं भावोजींच्या नाकपुड्यांत बॅटरीचा उजेड मारला, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि म्हणाला, "दोन्ही रस्ते मोकळे आहेत." दाखल्यावर लिहिलं, घ्राणशक्ती उत्तम. रस्ता मोकळा असला म्हणजे त्यावरून गाडी येतेच असं नाही, हे त्याला कोण सांगणार. भावोजींनी तो दाखला फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावायचा विचार बोलून दाखवला. लेखी परीक्षेत ते पास झाले. पाठांतर त्यांचं चांगलं आहे, स्वतःबद्दलची वाक्यं रोज म्हणून झालेली सवय.

प्रत्यक्ष परीक्षा केंद्राच्या आवारात होती. परवाना अधिकारी म्हणून एक तरुण बाई आल्या होत्या. पायात नवे कोरे गमबूट, हातात पॅड, बोलणं कमी. उमेदवार तीन-चार, त्यात आमचा नंबर पहिला. मॅडमनी आवाराच्या मधोमध तीन ढीग करून घेतले होते. तिन्ही काळे, तिन्हींवर पाणी मारलेलं, लांबून सारखेच दिसणारे. मला फावडं दिलं आणि भावोजींना सांगितलं, हात लावायचा नाही, फक्त वास घेऊन सांगायचं. ताई कुंपणाबाहेर तिच्या नेहमीच्या जागी येऊन उभी होती. वाराही नेहमीचाच होता. मी म्हटलं, चला, निभावलं.

पण मॅडमची नजर कुंपणाकडे गेली. "त्या कोण?"

"आमची मिसेस," भावोजी म्हणाले.

"त्याही धंद्यात आहेत का?"

इथं साधं 'हो' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? निदान 'मदत करते' म्हणायचं. पण बाकीचे उमेदवार ऐकत होते, वॉचमन ऐकत होता, आणि भावोजींनी कॉलर सारखी केली. "छे छे! ती डबा घेऊन येते. तिला खत कुठलं नि माती कुठली तेसुद्धा कळत नाही. हे काम नाकाचं आहे मॅडम. बायकांना ओकारी येते यात."

वारा कसा का वाहत असेना, हे कुंपणापर्यंत पोचलं. मी ताईकडे बघितलं. तिचा चेहरा जसा होता तसाच होता. तिनं फक्त पर्स उघडली, रुमालाची नीट घडी घालून तो आत ठेवला आणि पर्सची चेन लावली. मग हाताची घडी घालून उभी राहिली.

मी पहिला ढीग खणला. तो मुरलेला होता. भावोजींनी डोळे मिटले, फटीतून बघितलं, रुमाल नाही. "मुरलाय," ते म्हणाले. मॅडमनी पॅडवर खूण केली. दुसऱ्या ढिगात फावडं घातलं आणि माझ्याच घशाशी आलं. इतका कच्चा माल आम्ही कधी उचलला नव्हता. बाकीचे उमेदवार मागे सरकले. मॅडमनी बाहीत नाक खुपसलं. भावोजी मात्र पुढे झाले, मान वर केली, फटीतून कुंपणाकडे बघितलं. हाताची घडी. मी खोकलो, डोळे वटारले, जमेल तेवढी तोंडं वेडीवाकडी केली. भावोजींना वाटलं मी कौतुकानं करतोय. ते खाली वाकले, भगदाडाच्या अगदी तोंडाशी नाक नेलं, खोल श्वास घेतला आणि समाधानानं म्हणाले, "वा! हा तर पहिल्याहून मुरलेला."

वॉचमननं कपाळाला हात लावला.

तिसरा ढीग साध्या मातीचा होता. बागेतली माती, खताचा त्यात कण नव्हता. मॅडमनी तो मुद्दाम ठेवला होता. भावोजींनी तिथंही वास घेतला आणि म्हणाले, "हा थोडा कच्चा आहे. आणखी महिनाभर ठेवा." सगळे ढीग मुरलेले निघाले तर संशय येईल, एवढी अक्कल त्यांनी ऐनवेळी चालवली होती. खत कुठलं नि माती कुठली ते ज्याला कळत नाही तो माणूस कुंपणाच्या कुठल्या बाजूला उभा होता ते सगळ्यांनी पाहिलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला या हंगामात परत बसता येणार नाही."

घरी आल्यावर भावोजींनी आकाशपाताळ एक केलं. "तू मला तोंडघशी पाडलंस. चार लोकांत माझं नाक कापलंस."

ताई शांतपणे पर्समधून रुमाल काढून धुवायला टाकत होती. "मला काय कळतंय? मी तर डबा घेऊन येते."

"अगं, ते बोलायचं म्हणून बोललो."

"मग मीही उभं राहायचं म्हणून उभी राहिले."

नंतरचे काही आठवडे त्या घरात कुणी सरळ बोललं नाही. ट्रॅक्टर दारात उभा. विस्कटायच्या यंत्रावर पक्षी बसायला लागले. शेतकऱ्यांचे फोन यायचे, पेरणी तोंडावर आली, खत कधी टाकणार? भावोजी सांगायचे, पार्ट यायचा आहे. कुठला पार्ट ते सांगायचे नाहीत. पलीकडच्या गावातला एक परवानावाला आमची दोन मोठी गिऱ्हाइकं घेऊन गेला. मग भावोजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, की परीक्षा मी देईन का. माझं नाक बरं आहे. पण मी सरळ सांगितलं, ताई असताना मी बसणार नाही. ते म्हणाले, "तू मिंधा आहेस बहिणीचा." मी म्हणालो, "आहे. तुम्ही कोणाचे आहात?" दुसऱ्या दिवशी ते ताईला म्हणाले, "बरं, तुझ्या नावानं कर. पण फक्त नावाला. कामाचं सगळं मी बघणार."

ताईनं अर्ज केला. लेखी पास झाली, मॅडमनी पुन्हा ढीग मांडले आणि तिनं ते उभ्या उभ्या ओळखून दाखवले. एका ढिगाबद्दल म्हणाली, वरून मुरलेला आहे, आतून कच्चा, यांनी थर टाकलाय. मॅडमनी केंद्राच्या मॅनेजरकडे बघितलं आणि मॅनेजर आपल्या बुटांकडे बघायला लागला. सगळं सुरळीत झालं असं वाटत असतानाच कॉलनीनं हरकत घेतली. ही उमेदवार डमी आहे, असं अध्यक्षांचं म्हणणं. नवरा नापास झाला म्हणून बायकोला उभं केलंय, कामाचा हिला शून्य अनुभव. झालं, सुनावणी लागली.

सुनावणी नगर कार्यालयाच्या सभागृहात होती. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, माइक मधूनच किंचाळणारा. पुढच्या रांगांत कॉलनी, मागे शेतकरी, एका कोपऱ्यात आम्ही. भावोजी पांढऱ्या शर्टात. टेबलामागे परवाना अधिकारी मॅडम.

अध्यक्ष उभे राहिले. "मॅडम, मी मनचं सांगत नाही. यांच्या मिस्टरांनीच परीक्षेच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलंय, की ही डबा घेऊन येते, हिला खत नि माती कळत नाही. मग हा अनुभव आला कुठून? आमच्या मुलाबाळांच्या आरोग्याचा प्रश्न आहे."

त्यांचं चुकत नव्हतं, हाच तर घोळ होता. मी हात वर केला आणि म्हणालो, इतकी वर्षं माल ताईच तपासते, मी डोळ्यांनी बघितलंय. अध्यक्ष म्हणाले, "हा त्यांचा सख्खा भाऊ." लोक हसले.

मॅडम म्हणाल्या, "भावाचं चालणार नाही. ज्यांनी सांगितलं त्यांनीच बोलायला हवं." आणि भावोजींकडे बघितलं. "यांना अनुभव आहे का? नसेल तर मला परवाना देता येणार नाही."

ताईनं मान खाली घातली होती. ती त्यांना काही सांगत नव्हती, खुणावतही नव्हती. ज्या ढिगाचा निकाल भावोजींनी एकट्यानं द्यायचा होता, असा तो आयुष्यातला पहिलाच.

भावोजी उठले, कॉलर सारखी केली. "आता काय आहे मॅडम, या धंद्यात मी इतकी वर्षं आहे. माझ्या मार्गदर्शनाखाली घरातल्या माणसाला थोडंफार..."

"मार्गदर्शन राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी मला सांगितलंत ते खरं की खोटं?"

मी मनात भावोजींना शिव्या मोजत होतो. मला खात्री होती, हा माणूस ट्रॅक्टर विकेल, भीक मागेल, पण हे कबूल करणार नाही. त्यांचा हात कॉलरकडे गेला आणि मध्येच खाली आला.

"खोटं," ते म्हणाले. "माल तीच बघते. इतकी वर्षं तीच बघते. मला वास येत नाही."

सभागृहात जो हशा पिकला, तो काही थांबेना. शेतकरीसुद्धा हसले, ज्यांच्यासमोर ते डोळे मिटून उभे राहायचे तेच. अध्यक्षांनी डोळे पुसले. "म्हणजे इतकी वर्षं आम्हाला वास येत होता आणि फक्त यांनाच येत नव्हता!" मीही हसलो. खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांचं मी सगळं एकदम हसून घेतलं.

मॅडम हसल्या नाहीत. "कधीपासून येत नाही?" त्यांनी विचारलं.

भावोजी म्हणाले, "कॉलनीची मैल्याची जुनी टाकी तुंबली होती तेव्हापासून. तेव्हा पाइप केंद्राला जोडलेले नव्हते. या अध्यक्षसाहेबांच्या बिल्डिंगमध्ये मैला जिन्यापर्यंत आला होता. दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. मी झाकण उघडून आत वाकलो, आतल्या वायूनं चक्कर आली. हिनं पाय धरून ओढलं मला बाहेर. त्यानंतर नाही आला." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "धंदा नाकाचा. नाक गेलं म्हटलं असतं तर कोण बोलावणार होतं?"

हशा विझत विझत मागच्या रांगेपर्यंत गेला. अध्यक्ष उभेच होते. त्यांना ती टाकी आठवली हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. माफी मागायला हवी, असं काही त्यांच्या मनात आलं असेल असं समजू नका. त्यांनी हरकतीचे कागद एकावर एक लावले आणि खाली बसले. मला त्या माणसाचा जितका राग आला तितका कधी भावोजींचाही आला नव्हता. आणि स्वतःचाही आला, कारण माझं हसून झालं होतं.

मॅडमनी ताईला पुढे बोलावलं. परवाना देण्यात येत आहे असं त्या म्हणाल्या, आणि विचारलं, "हाताखाली माणसं कोण? परवान्यावर नावं घालावी लागतात. यापुढे त्यांची जबाबदारी तुमची."

"ट्रॅक्टरवर माझा भाऊ," ताई म्हणाली.

"आणि हे?"

ताईनं पहिल्यांदा भावोजींकडे बघितलं. ते खुर्चीची पाठ धरून उभे होते. शर्ट पाठीवर घामानं ओला झाला होता.

"हेही," ताई म्हणाली. "पण एक अट घाला. बंद टाकीचं झाकण यांनी एकट्यानं उघडायचं नाही. आत काय आहे ते यांना कळत नाही, मी असल्याशिवाय हात लावायचा नाही. इतकी वर्षं मी डबा घेऊन मागोमाग फिरले ती ढिगांसाठी नाही. ढीग काय, चुकला असता तर चुकला असता."

मॅडमनी लिहून घेतलं आणि भावोजींना विचारलं, "मान्य आहे?"

भावोजींच्या प्रत्येक होकाराला एक 'पण' असतो, 'बरं, पण', 'हो, पण'. आम्ही सगळे त्या 'पण'ची वाट बघत होतो. मीही आणि ताईही.

"बरं," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले.